वाचनालयाची चाकरी आणि जगाची वार्ता

(समाजाच्या वार्षिक संमेलनात अमरावती येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस पत्र धाडून ‘विद्यार्थी आणि सामान्यज्ञान’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आज्ञा शिरसावंद्य आहे. परंतु अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने तो विषय थोडा अरुंद करून घेतो. सामान्यज्ञान या नावाचा विषय आमच्या वेळी शाळेच्या वेळापत्रकात नव्हता. जगाची जी काही वार्ता आम्हांस कळली, ती अकोल्याच्या एका वाचनालयात तीन वर्षे चाकरी केली, तिच्या ओघात कळली. पानमळ्यात राबणाऱ्याच्या हातास पानाचा वास लागतो. तो लावून घेण्यासाठी कोणी मळ्यात जात नाही. आमचे तसेच झाले. मिळवावयास गेलो होतो महिना साठ रुपये; पदरात पडले ते त्याहून निराळे. त्याविषयी आज बोलणार आहोत.

आणखी एक गोष्ट आधीच उघड करतो. आज दुपारी चार वाजता सर्वसाधारण सभा आहे. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत आपल्या वसतिगृहातील वाचनकक्षाविषयी एक ठराव आहे. वर्तमानपत्रे बंद करावी, मोठे मेज काढून टाकावे आणि त्या जागी स्पर्धा परीक्षांसाठी कप्प्याकप्प्यांची अभ्यासिका करावी, असा त्याचा आशय आहे. आमच्या बोलण्याचा रोख त्या ठरावाकडे आहे, हे ध्यानात घेऊनच श्रोत्यांनी आमचे म्हणणे ऐकावे.

जगाची बातमी ही मोठ्या शहरांतील सुशिक्षितांची चैन आहे, वऱ्हाडातील कास्तकारास तिचे काय, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः जगाच्या बातमीची झळ ज्या मुलखांस फार लवकर लागली, त्यांत आपले वऱ्हाड आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथून इंग्लंडच्या गिरण्यांस जाणारा कापूस अडला आणि लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापसास सोन्याचे मोल आले. वऱ्हाडच्या बाजारपेठांत चार वर्षे पैसा खेळला. १८६५ साली ते युद्ध संपले आणि भाव कोसळले. ज्या माणसाने अमेरिका हा शब्द ऐकलाही नसेल, त्याच्या घरात तिकडच्या लढाईने पैसा आणला आणि तिच्याच शेवटाने तो नेला. १८६७ साली रेल्वे अकोला व बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली. १८७० साली खामगावच्या कापूसबाजारासाठी निराळा फाटा निघाला व त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. रेल्वेबरोबर तार आली, तारेबरोबर परदेशचे भाव आले आणि भावांच्या पाठोपाठ बातम्या आल्या. अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ व अमरावतीहून ‘प्रमोदसिंधु’ ही पत्रे त्याच शतकात निघत होती. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय आणि अमरावतीचे नगर वाचनालय या दोन्ही संस्थांनी शंभरी केव्हाच ओलांडली आहे. तेव्हा चार माणसांनी एका मेजाभोवती बसून वर्तमानपत्र उलगडणे ही या मुलखास नवी गोष्ट नाही.

आता आमच्या चाकरीकडे वळतो. आमचे घराणे अंजनगाव सुर्जीचे. घरचा पानमळा लहान, जोडीला थोडी पानपिंपरी, आणि खाणारी तोंडे अधिक. १९७४ साली अकरावीची मॅट्रिक परीक्षा आम्ही उत्तीर्ण झालो. डी. एड. ला प्रवेश मिळेपर्यंत काही मिळकत हवी, म्हणून मामांनी अकोल्यास बोलावून घेतले व एका वाचनालयात मदतनीस म्हणून लावून दिले. सकाळी साडेसहास कुलूप काढावयाचे, केर काढावयाचा, मेजे पुसावयाची, आलेल्या पत्रांवर वाचनालयाचा व तारखेचा शिक्का मारावयाचा, पाने सुटू नयेत म्हणून त्यांस टाके घालावयाचे आणि तिरक्या फळ्यांवर ती पट्टीखाली अडकवावयाची, हे पहिल्या तासाचे काम. ज्यास वाचावयाचे नाही, त्यासही शिक्का कोठे मारावा हे पाहण्यासाठी पानावर नजर टाकावी लागते. नजर टाकली की मथळा दिसतो, आणि मथळा दिसला की तो वाचल्यावाचून राहवत नाही. आमच्या ज्ञानाचा उगम एवढाच आहे.

त्या काळी वृत्तपत्रे एकाच वेळी येत नसत. अकोल्याचे ‘मातृभूमि’ पहाटे दारात पडे. नागपूरची ‘तरुण भारत’ व ‘लोकमत’ सकाळच्या वेळात येत. मुंबईची ‘लोकसत्ता’ व ‘महाराष्ट्र टाइम्स’ रेल्वेने दिवस वर आल्यावर पोचत, आणि पुण्याचा ‘केसरी’ सर्वांच्या मागून. त्यामुळे एकच बातमी आमच्या हाताखालून तीन-चार वेळा जाई, आणि दर वेळी थोडी निराळी होऊन जाई. एका पत्रात जे ठाम, ते दुसऱ्यात ‘असे समजते’. एकात मेलेली माणसे शंभर, दुसऱ्यात साठ. ऑगस्ट १९७४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला, तेव्हा एका पत्राने तो लोकशाहीचा विजय ठरविला, दुसऱ्याने अमेरिकेची बेअब्रू म्हटले. दोन्ही अंकांवर शिक्का आम्हीच मारला होता! कोणी शिकविल्याखेरीज आम्हांस एक गोष्ट उमगली, की छापून आले एवढ्याने बातमी पुरी होत नाही. दुसरे पत्र येईपर्यंत थोडे थांबावे. पुढे चाळीस वर्षे गुरुजी म्हणून वावरताना याहून उपयोगी पडलेला धडा दुसरा नाही.

ग्रंथपाल फार शिस्तीचे गृहस्थ होते. बेकार तरुणांच्या सोयीसाठी नोकरीच्या जाहिराती कापून फलकावर लावण्याचे काम त्यांनी आमच्याकडे दिले. ज्या पत्राच्या दोन प्रती येत, त्यांपैकी एक कापावयाची. जाहिरात पुरी निघावी म्हणून कात्री जपून चालवावी लागे. परंतु मागच्या पानावरील बातमीचा विचार कात्रीस नसतो. सप्टेंबर १९७४ मधील एक कात्रण आम्हांस अद्याप स्मरते. पुढे कारकुनांच्या जागांची जाहिरात. मागे इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांस सैन्याने पदच्युत केल्याची बातमी. राजवाड्याच्या पायऱ्या उतरून सम्राट खाली आले, त्यांस नेण्यासाठी आणलेली मोटार पाहून ते म्हणाले, येथवर मजकूर, आणि पुढे कात्री. सम्राटांस कोणत्या मोटारीतून नेले हे कळल्यावाचून आम्हांस चैन पडेना. दुसरे पत्र शोधले, त्यात नव्हते, तिसऱ्यात मिळाले. लहानशी फोक्सवॅगन होती. ती पाहण्याच्या नादात इथिओपिया कोठे आहे, तेथील राजघराणे किती जुने, इटलीने त्या देशावर १९३५ साली स्वारी केली होती, हे सर्व आम्ही वाचून काढले. पगार मात्र कारकुनांच्या जाहिरातीचा!

३० एप्रिल १९७५ रोजी व्हिएतनामातील सायगाव शहर उत्तरेच्या सैन्याने घेतले आणि ते दीर्घ युद्ध संपले. दुसऱ्या दिवशी पत्रांत ठळक मथळा होता, ‘सायगाव पडले’. आकोटकडील एक वृद्ध कास्तकार लेकीस दवाखान्यात घेऊन आले होते. वेळ काढण्यासाठी ते आमच्या येथे येऊन बसत. त्यांनी अक्षरे जुळवून तो मथळा वाचला आणि आम्हांस विचारले, “बाबू, हे कोन्त्या तालुक्यातलं सायगाव? पुरात पडलं का काय?” शेगाव, खामगाव, बाळापूरच्या मुलखात एखादे सायगाव असावे यात नवल नाही. ग्रंथपाल हसले नाहीत. त्यांनी कपाटातून नकाशापुस्तक काढले, त्या गृहस्थांच्या पुढ्यात ठेवले आणि बोटाने अकोल्यापासून समुद्र ओलांडून सायगावपर्यंतची वाट दाखविली. म्हातारबुवांनी बराच वेळ नकाशा न्याहाळला. मग म्हणाले, “तथी काय पिकते?” भात पिकतो असे ग्रंथपालांनी सांगितले. “मंग इतल्या सालाच्या लढाईत पेरनी कशी केली असन त्याह्यनं?” आमच्या मेजावर त्या दिवशी आठ वर्तमानपत्रे होती, या प्रश्नाचे उत्तर एकाही पत्रात नव्हते. बातमी कशी वाचावी हे आम्ही त्या निरक्षरप्राय माणसापासून शिकलो, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. लेकीस घरी नेईपर्यंत ते दररोज येऊन “सायगावचं काय?” असे विचारीत.

त्याच वर्षी २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. ‘इंडियन एक्सप्रेस’ने २८ जूनच्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडली, हे आज सर्वांस ठाऊक आहे. शिक्का मारणाऱ्या मुलास त्या दिवसांत जे जाणवले, ते थोडे निराळे होते. देशातली बातमी जसजशी आखडत गेली, तसतशी परदेशची बातमी पसरत गेली. राजकारणावर मोठ्याने बोलणारे वाचक गप्प बसू लागले आणि अंगोला, मोझांबिक, लेबनॉन यांची चर्चा होऊ लागली. मोझांबिक २५ जून १९७५ रोजी, म्हणजे आपल्याकडे आणीबाणी आली त्याच दिवशी, पोर्तुगालच्या जोखडातून मुक्त झाला. एक वयस्क वाचक दररोज त्या देशाची बातमी मोठ्याने वाचीत आणि ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आला की थोडा दम घेत. कोणी काही बोलत नसे; ऐकत मात्र सर्व जण. १५ ऑगस्ट रोजी बांगलादेशात शेख मुजिबुर रहमान यांची त्यांच्या कुटुंबासह हत्या झाली. दुसऱ्या दिवशी पत्रे फळ्यांवर अडकविण्याइतका अवधीदेखील लोकांनी आम्हांस दिला नाही; हातातूनच ती नेली.

बातमीत काय आहे याप्रमाणेच काय नाही हेही पाहावयाचे असते. २८ जुलै १९७६ रोजी चीनमधील तांगशान शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले. पत्रांत बातमी आली, परंतु सरकारी आकडा नाही. ग्रंथपाल म्हणाले, “आकडा लपविला आहे, म्हणजे मोठा आहे.” पुढे काही वर्षांनी चीननेच तो जाहीर केला: सुमारे २ लाख ४२ हजार माणसे. तोवर आम्ही वाचनालय सोडून मास्तरकी पत्करली होती. पण तो आकडा वाचला तेव्हा ग्रंथपालांचे शब्द कानांत उभे राहिले.

वकिलातींकडून येणारी नियतकालिके हा आणखी एक प्रकार होता. ‘सोव्हिएत देश’ मराठीत येई, अमेरिकेचे ‘स्पॅन’ इंग्रजीत. ‘सोव्हिएत देश’चा कागद इतका गुळगुळीत आणि रंगीत, की जुने अंक मागण्यास मुलांची रांग लागे; अकोल्यातील किती वह्यापुस्तकांस त्या पानांची वेष्टने होती त्याची गणती नाही. जुलै १९७५ मध्ये रशिया व अमेरिका यांची याने अंतराळात जोडली गेली आणि दोन्ही देशांच्या वीरांनी हस्तांदोलन केले. अमेरिकन लोक त्या मोहिमेस ‘अपोलो-सोयूझ’ म्हणत आणि रशियन लोक ‘सोयूझ-अपोलो’. हस्तांदोलन एकच, आधी कोणाचे नाव घ्यावयाचे एवढाच फरक. लग्नपत्रिकेत आधी कोणाचे नाव यावरून आपल्याकडे रुसवेफुगवे होतात, त्यांस हसण्याचा अधिकार महासत्तांस नाही, हे आम्हांस तेव्हाच कळले.

अंकांची रद्दी तिमाहीस विकली जाई. तिचे गिऱ्हाईक बहुधा आपल्याच समाजाचे पानठेलेवाले बंधू. वाचनालयात जी बातमी कोणी पाहिली नाही, ती विड्याच्या पुडीवर वाचणारे निघत. परंतु हे विषयांतर झाले.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यांतील एक. एवढ्या थोर पुरुषापुढे आम्ही मॅट्रिक काय बोलणार? तथापि नम्रपणे एवढे म्हणतो, की शोधावयास आलेल्या वाचकाचा वेळ अवश्य वाचवावा. परंतु काही न शोधता जो येतो, त्याचा वेळ थोडा वाया जाऊ द्यावा. कापसाचा भाव पाहण्यास आलेला मनुष्य भावाचे पान सापडेपर्यंत तीन पाने उलटतो. त्या तीन पानांत त्यास जे दिसते, ते त्याने मागितलेले नसते.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. त्या वाचनालयात स्त्रियांसाठी निराळा बाक होता आणि तीन वर्षांत तो भरलेला आम्ही क्वचित पाहिला. घरोघरच्या भगिनींस जगाची वार्ता पुरुषांच्या तोंडून, तीही जेवताना, आणि पुरुषास सांगावीशी वाटली तरच मिळे. तिचे परिणाम मात्र त्यांस आधी भोगावे लागत. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखले व त्याच्या किमती भडकल्या, तेव्हा घासलेटच्या रांगेत डबा घेऊन कोण उभे होते?

आता वाचनालयाबाहेरची हकीकत. १९७७ साली आम्ही डी. एड. साठी अमरावतीस आलो आणि पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत रुजू झालो. १९९० साली दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात होतो. गावातील एका विधवा भगिनीचा मुलगा कुवेतमध्ये मोटार चालविण्याच्या कामावर गेलेला होता. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर स्वारी केली. पत्रे थांबली, दूरध्वनी थांबले. आठवडी बाजारातून कोणीतरी वार्ता आणली, की तेथील एकही हिंदी माणूस वाचला नाही. ती माउली शाळेत येऊन पायरीवर बसली. “गुरुजी, हे कुवेत हाय तरी कुठी?” एवढेच म्हणाली.

आम्ही भिंतीवरचा आशियाचा नकाशा खाली उतरविला. येथे वाचनालयातील एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ग्रंथपालांनी सायगाव दाखविले, त्या नकाशापुस्तकात सर्वांत अधिक फाटलेले पान पश्चिम आशियाचे होते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धापासून इतकी बोटे त्यावर फिरली होती, की कैरोपासून बगदादपर्यंतची घडी उकलली होती. ते पान मागून कागद लावून खळीने चिकटविण्याचे काम आम्ही दोनदा केले. ज्याने एखादा देश हाताने चिकटविला आहे, तो त्याच्या सीमा विसरत नाही. कुवेत, त्यास लागून इराक, इराकच्या पश्चिमेस जॉर्डन, हे आम्हांस नकाशा न पाहता ठाऊक होते. म्हणून, परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले आणि अम्मानहून विमाने सुटणार, अशी बातमी जेव्हा आली, तेव्हा तिचा अर्थ आम्हांस तत्काळ लागला. कुवेतमधून विमान नाही. मुलास मोटारगाडीने बगदादवरून जॉर्डनच्या राजधानीपर्यंत जावे लागणार. वाट हजार किलोमीटरांहून अधिक, आणि पुष्कळशी वाळवंटातली. म्हणजे आठ दिवसांत पत्र आले नाही तर घाबरण्याचे कारण नाही.

दुपारच्या एस. टी. ने वर्तमानपत्र येई. ती माउली दररोज येई आणि आम्ही त्या दिवशीची बातमी नकाशावर दाखवीत असू. बाजारची वार्ता खरी मानावी की नाही, असे तिने विचारले, तेव्हा आम्ही सांगितले, की दुसऱ्या कोणत्याही पत्रात ती येईपर्यंत मानू नये. ती आली नाही. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत अम्मानमार्गे एक लाखाहून अधिक भारतीय विमानांनी मायदेशी आणले गेले. या बाईचा मुलगा सप्टेंबरच्या अखेरीस मुंबईस उतरला. अंगावरच्या कपड्यांनिशी आला, कमाई तिकडेच राहिली, पण आला. आम्ही त्यास परत आणण्यासाठी काही केले नाही आणि करूही शकत नव्हतो. परंतु ते दोन महिने त्या बाईने अंधारात काढले नाहीत.

आता ठरावाकडे येतो. ज्या तरुण सभासदांनी तो मांडला, त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. आपल्या मुलांस बसावयास जागा नाही. खासगी अभ्यासिकांचे शुल्क परवडत नाही. स्पर्धा परीक्षांस एकेका जागेसाठी हजारोंची गर्दी आहे. अभ्यासिका झालीच पाहिजे. ठरावाचे समर्थक म्हणतात, की बातमी तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे, वर्तमानपत्रांवर पैसा कशास घालावा? यातील खरे ते आम्ही मान्य करतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाने स्वारी केली, तेव्हा तिकडे वैद्यकी शिकणाऱ्या मुलांचा आवाज त्यांच्या आईबापांस तळघरातून ऐकू येत होता. दर्यापूरकडील त्या माउलीच्या नशिबी हे असते तर!

परंतु मोबाइलची एक खोड आहे. तो मागितलेले देतो आणि मागितलेलेच पुन्हापुन्हा देतो. क्रिकेट पाहणाऱ्यास क्रिकेट, भांडण पाहणाऱ्यास भांडण. त्याच युक्रेनच्या युद्धाने जगभर रासायनिक खतांचे भाव चढले. खताच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या आपल्या कास्तकारास त्या भाववाढीचा आणि त्या तळघरांचा संबंध कोणी दाखविला? गेल्या वर्षी वसतिगृहातील मुलांशी आम्ही बोललो. ‘चालू घडामोडी’ या विषयाची त्यांची तयारी पाहून आम्ही थक्क झालो. अम्मान ही कोणत्या देशाची राजधानी, असे विचारण्याचा अवकाश, “जॉर्डन” असे सहा मुलांनी एकदम सांगितले. कुवेतहून अम्मानला जाण्यास कोणता देश ओलांडावा लागेल, असे विचारल्यावर मात्र ती सहाही मुले एकमेकांकडे पाहू लागली. मुले हुशार आहेत. त्यांस उत्तरे दिली गेली आहेत. नकाशा फाटेपर्यंत त्यावर बोट फिरविण्याची सवड दिलेली नाही. परीक्षेत पहिला प्रश्न येतो, हे आम्हांसही ठाऊक आहे. आयुष्यात दुसरा येतो.

म्हणून आमची उपसूचना अशी आहे. अभ्यासिका वरच्या दालनात करावी. खालच्या खोलीतील एक मेज ठेवावे आणि त्यावर पाच वर्तमानपत्रे ठेवावी. त्यांत एक अकोल्याचे किंवा अमरावतीचे, एक नागपूरचे, एक मुंबईचे, एक हिंदी आणि एक इंग्रजी असावे, म्हणजे एक बातमी पाच तोंडांनी ऐकता येईल. पाच पत्रांचे वर्षाचे देयक किती होते, ते कोषाध्यक्षांच्या अहवालात दिलेच आहे; संमेलनाच्या मिष्टान्नाशेजारी तो आकडा ठेवून पाहावा, एवढेच म्हणतो. एक मोठे नकाशापुस्तक घ्यावे आणि त्यास कुलूप लावू नये.

आणि या मेजासाठी एक मदतनीस नेमावा. वसतिगृहातील गरजू विद्यार्थ्यांतून नेमावा, दर वर्षी नवा नेमावा, व त्यास मानधन द्यावे. सेवाभावाने करील असे म्हणून फुकट राबवू नये. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ साली महाराष्ट्रात कायदा झाला, ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदाने आली. तरी लहान वाचनालयांतील सेवकांचे हाल आपण पाहतोच. आपल्या घरच्या संस्थेत तरी तसे नसावे. त्याने सकाळी पत्रांवर शिक्का मारावा, टाके घालावे, नोकरीच्या जाहिराती कापून फलकावर लावाव्या. बातम्या वाचण्याचे काम त्यास सांगू नये. ते आपोआप होईल. चौकशी केली तेव्हा असे कळले, की वाचनकक्षात येणाऱ्यांत यंदा मुली निम्म्याहून अधिक आहेत. तेव्हा पहिल्या वर्षी ही जागा मुलीस द्यावी. तिचे पहिल्या वर्षाचे मानधन आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ.

उपसूचना लेखी स्वरूपात तयार आहे. सूचक म्हणून आमची सही झालेली आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. भोजनोत्तर चार वाजेपर्यंत तो कागद आम्ही आमच्याजवळ ठेवणार आहोत.